वनस्पतींची मोजदाद आणि गावाचे वनव्यवस्थापन



चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. विभाजनानंतरही त्यांची वनसंपदा ही समान ओळख कायम राहिली आहे. गडचिरोलीच्या भौगोलिक क्षेत्रापैकी दोन तृतीयांशाहून अधिक आणि चंद्रपूरच्या क्षेत्रापैकी सुमारे एक तृतीयांश भागावर वनाच्छादन आहे. हे आच्छादन उपग्रहाच्या साहाय्याने मोजले जाते. उपग्रहाला वरून वृक्षांचे शेंडे दिसतात. त्या शेंड्यांखाली मोहाची रोपे उगवत आहेत की घाणेरीची जाळी माजली आहे, गुरांना आणि चितळांना खाण्याजोगे गवत उरले आहे की रानतुळशीचे पीक उभे आहे, हे उपग्रह सांगू शकत नाही. त्यासाठी माणसाला जमिनीवर उतरून, गुडघे टेकून मोजावे लागते. प्रस्तुत विवेचन या मोजदादीविषयी आहे.

हा विषय केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांचा आहे, अशी समजूत पुष्कळदा आढळते. वस्तुतः तो प्रथम गावाचा आहे. चैत्र-वैशाखात पहाटे मोहफुले वेचण्यास निघालेल्या स्त्रीला माणसाच्या उंचीच्या काटेरी जाळीतून वाट काढावी लागते आणि त्या जाळीआड कोणते जनावर बसले आहे हे तिला दिसत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत वाघ आणि माणूस यांच्या संघर्षाने किती घरे दुःखात लोटली, हे येथे सांगावयास नको. जंगलातले गवत संपले की रानडुक्कर आणि चितळ धानाच्या बांधावर येतात आणि त्यांच्या मागोमाग वाघही येतो. गवताची चौकट मोजणारा मनुष्य या साखळीची पहिली कडी मोजत असतो.

परके तेवढे वाईट नव्हे

प्रारंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती शत्रू आहे असे नाही. मिरची, पेरू, सीताफळ, भुईमूग ही सर्व अमेरिका खंडातून आली आणि आपल्या संसारात रुळली. मिरचीवाचून वैदर्भीय स्वयंपाकघराची कल्पनाही करवत नाही. या वनस्पती माणसाच्या हाताखाली राहिल्या. जी वनस्पती माणसाचा हात सोडून स्वतःच्या बळावर पसरते, स्थानिक वनस्पतींची जागा, प्रकाश आणि ओल हिरावून घेते, तिला उपद्रवी किंवा आक्रमक म्हणावयाचे. सप्टेंबर २०२३ मध्ये जर्मनीतील बॉन येथे जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या जीवजाती ३७ हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांपैकी उपद्रवी ठरलेल्या साडेतीन हजारांहून अधिक. म्हणजे दहांमध्ये सुमारे एक. ती एक कोणती हे ओळखण्यासाठीच मोजावे लागते.

सीमारेषा नेहमीच स्पष्ट असते असेही नाही. तरोट्याचे उदाहरण पाहावे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी या भागातील घराघरांतून होते, त्याचे बी व्यापारी विकत घेतात. परंतु हाच तरोटा पडीक शेतात आणि कुरणात माजला की गवताला वर येऊ देत नाही आणि वाढलेल्या तरोट्याला गुरे तोंड लावीत नाहीत. तो देशी की परका हा वाद विद्वानांनी खुशाल चालवावा. गावाने त्याचे प्रमाण मोजून निर्णय घ्यावा.

या आक्रमणाचा इतिहासही उद्बोधक आहे. घाणेरी, जिला कोणी टणटणी आणि कोणी रायमुनिया म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. गाजर गवताची भारतातील प्रसिद्ध नोंद १९५० नंतरच्या दशकात पुण्यात झाली. बेशरम ही कुंपणाची वनस्पती म्हणून मुद्दाम लावली गेली. फांदीचा तुकडा चिखलात पडला तरी तो मूळ धरतो, त्यावरूनच लोकांनी तिला हे समर्पक नाव दिले असावे. सामाजिक वनीकरणाच्या उत्साहाच्या काळात सुबाभळीची शिफारस सरकारी यंत्रणेनेच केली होती, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. चारा आणि सरपण मिळेल ही त्यामागील अपेक्षा काही अंशी खरीही ठरली. पण शेंगांतून उडालेल्या बियांनी नाल्याकाठच्या आणि मोकळ्या जागा व्यापल्या. त्या वेळी लावलेल्या रोपांची संख्या काटेकोर नोंदली गेली. शेजारच्या जमिनीवर पुढे काय झाले याची नोंद कोणत्याही नमुन्यात नव्हती.

देशात घाणेरीने व्यापलेले वनक्षेत्र दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक असल्याचे देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये मांडले. याच संस्थेच्या अभ्यासकांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध २० राज्यांतील १ लाख ५८ हजार चौकटींच्या नोंदींवर आधारलेला आहे. देशातील सुमारे ६६ टक्के नैसर्गिक भूभाग उपद्रवी वनस्पतींच्या आक्रमणास बळी पडण्याजोगा आहे, असा निष्कर्ष त्यात काढला आहे. या प्रचंड संख्येमागे वनरक्षकांचे पायी श्रम आहेत. व्याघ्रगणनेच्या वेळी वनरक्षक आखलेल्या रेषेवरून चालतो, ठराविक अंतरावर थांबतो आणि भोवतालची झाडे, झुडपे, तणे व जमिनीवरील आच्छादन यांची नोंद करतो. वाघ मोजण्याच्या निमित्ताने देशाचे तण मोजले गेले. अशीच मोजदाद लहान प्रमाणावर, पण अधिक बारकाईने, एखाद्या गावाला आपल्या वनात करता येते.

चौकट कशी टाकावी

साहित्य अल्प आहे: सुताची दोरी, चार खुंट्या, मोजफीत, वही, पेन्सिल आणि जुनी वर्तमानपत्रे. वृक्षांसाठी १० मीटर लांब व तितकीच रुंद, झुडपांसाठी ५ मीटरची आणि गवत व रोपांसाठी १ मीटरची चौकट घेण्याचा प्रघात आहे. मोठ्या चौकटीच्या आतच लहान चौकटी आखल्या म्हणजे एकाच जागेची तिन्ही थरांची माहिती मिळते. वृक्षाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीजवळ मोजतात. ऐन, धावडा, बिजा, मोह, चार, तेंदू, गराडी, लेंडिया यांची ओळख गावातील जाणत्या माणसाला असतेच. गवतांच्या बाबतीत मात्र शहरी पदवीधराची फजिती होते आणि गुराख्याची होत नाही. यास्तव मोजणाऱ्या गटात गुराखी आणि वनोपज वेचणाऱ्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. ज्या वनस्पतीचे नाव निश्चित होत नाही, तिची फुलासह फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवावी, तिला क्रमांक द्यावा आणि महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांकडून ओळख करून घ्यावी. वहीत गोंडी, मराठी आणि शास्त्रीय ही तिन्ही नावे शेजारी शेजारी असावीत.

चौकट कोठे टाकावयाची हा खरा कळीचा प्रश्न आहे. मनुष्यस्वभाव असा की तो वाटेजवळची, सावलीची, जेथे जाळी कमी आहे अशी जागा निवडतो आणि मग जंगल आहे त्यापेक्षा बरे दिसते. दुसऱ्या बाजूस, ज्याला तणनिर्मूलनाचे काम मंजूर करून घ्यावयाचे आहे तो सर्वांत दाट जाळी निवडतो आणि जंगल आहे त्यापेक्षा वाईट दिसते. उपाय सोपा आहे. गावाच्या वनाच्या नकाशावर समान चौकोन आखून त्यांना क्रमांक द्यावेत आणि शाळेतील एखाद्या मुलाकडून चिठ्ठ्या उचलून घ्याव्यात. निघालेला क्रमांक डोंगराच्या पलीकडे असला तरी तेथे गेलेच पाहिजे.

वेळही निश्चित हवी. रानतुळस, तरोटा, गाजर गवत ही हंगामी तणे. उन्हाळ्यात गेल्यास त्यांच्या वाळक्या काड्या तेवढ्या दिसतील. गवत आणि तणे यांची मोजणी पावसाळ्याच्या अखेरीस, भाद्रपद-आश्विनात करणे योग्य. त्या वेळी गवतांना तुरे असतात व ओळख पटते. एका वर्षी आश्विनात आणि दुसऱ्या वर्षी माघात मोजणी केली, तर दोन्ही वह्या निरुपयोगी ठरतात.

मोजलेल्या आकड्यांतून तीन गोष्टी काढता येतात. किती चौकटींत ती वनस्पती आढळली ही तिची वारंवारता. एका चौकटीत सरासरी किती झाडे आहेत ही घनता. आणि चौकटीतील किती जमीन तिने झाकली हे आच्छादन. तिन्हींचा अर्थ भिन्न आहे. वारंवारता अधिक आणि आच्छादन कमी असेल तर आक्रमण नुकतेच सुरू झाले आहे, थोड्या श्रमात आटोक्यात येईल. वारंवारता कमी आणि आच्छादन अधिक असेल तर शत्रू एका कोपऱ्यात तळ ठोकून बसला आहे. त्याची वाढती कड प्रथम रोखावी, मध्यभागी मागाहून जावे.

काढलेले हेक्टर आणि उगवलेले रान

समजा, एका गावाने आपल्या वनाच्या एका कक्षात २५ चौकटी टाकल्या. त्यांपैकी १६ चौकटींत घाणेरी आढळली, म्हणजे वारंवारता ६४ टक्के; आणि सरासरी आच्छादन ४० टक्के भरले. देशी गवते व रोपे यांचे आच्छादन ३० टक्के होते. निधी मिळाला, मजूर लागले, जाळी कापली गेली आणि कागदावर २० हेक्टर क्षेत्र तणमुक्त झाले. पुढील आश्विनात त्याच चौकटी पुन्हा मोजल्या. घाणेरी ५ टक्क्यांवर आली होती. परंतु मोकळ्या झालेल्या जमिनीवर रानतुळशीने ३५ टक्के आच्छादन केले होते आणि देशी वनस्पती ३१ टक्क्यांवर होत्या. अहवालाच्या दृष्टीने काम शंभर टक्के झाले. जंगलाच्या दृष्टीने एक टक्का. हे आकडे उदाहरणादाखल असले तरी एक तण काढताच दुसऱ्याने जागा घ्यावी हा अनुभव काल्पनिक नाही. काढलेल्या हेक्टरांचा हिशोब खर्चासाठी आवश्यक आहे, पण यशाचे माप म्हणून तो घेता येत नाही. यशाचे माप त्या जागी पुढे काय उगवले हेच होय.

याच कारणास्तव तण काढताना एक छोटा तुकडा मुद्दाम न काढता ठेवावा. पुढील वर्षी गवत वाढले तर ते तण काढल्यामुळे की चांगल्या पावसामुळे, हे त्या राखून ठेवलेल्या तुकड्याशी तुलना केल्यावरच कळते. मंजूर क्षेत्रात असा तुकडा ‘अपूर्ण काम’ म्हणून दाखविला जाण्याची भीती असते. पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो तुकडा पाहून शेरा मारण्यापूर्वी शेजारची वही मागावी.

घाणेरी कशी काढावी याचेही शास्त्र आहे. वरून कापल्यास ती अधिक फुटवे घेऊन येते आणि जाळल्यास मुळापासून पुन्हा उगवते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीखाली, फुटवे येणाऱ्या भागाच्या खाली मूळ तोडून झुडूप उलटे ठेवण्याची पद्धत विकसित केली. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात तिचा वापर झाला. फळे धरण्यापूर्वी हे काम उरकावे लागते, कारण पक्षी फळे खाऊन बी दूरवर नेतात. मोकळ्या जागेवर तत्काळ स्थानिक गवताचे बी न टाकल्यास सारे श्रम वाया जातात. मोहाखाली फुले वेचण्याच्या सोयीसाठी पाला पेटविण्याची जुनी रीत याच संदर्भात विचारात घेतली पाहिजे: त्या आगीत मोहाचे रोप मरते आणि घाणेरी जगते. मोहाच्या वृक्षाखालील १ मीटरच्या चौकटीत मोहाची रोपे किती, हा आकडा ग्रामसभेपुढे ठेवला तर आगीविषयीचे निवेदन वेगळे करावे लागणार नाही.

ताडोबाची कुरणे आणि मामा तलाव

ताडोबा हे १९५५ मध्ये घोषित झालेले राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान. १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. २००७ नंतरच्या काळात बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामनी या गावांचे प्रकल्पाबाहेर पुनर्वसन झाले. मागे राहिलेली शेते आपोआप कुरणे झाली, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण नांगर थांबलेल्या जमिनीवर प्रथम धावून येतात ती तरोटा आणि रानतुळस. कुरण घडवावे लागले. फुलोऱ्यापूर्वी तण उपटणे, तेही एकदा नव्हे तर अनेक वर्षे, आणि मारवेल, शेडा यांसारख्या गवतांना वाव देणे, असे हे चिवट काम आहे. गवतांचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांचे मार्गदर्शन मेळघाटाप्रमाणे येथील कुरणविकासालाही लाभले. आज त्या गावठाणांच्या जागी चितळांचे आणि गव्यांचे कळप चरताना पर्यटक पाहतात. ज्यांनी ती भूमी सोडली त्या कुटुंबांच्या त्यागाचाही या कुरणांत वाटा आहे, हे विसरता येणार नाही.

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक सुटसुटीतपणे मामा तलाव म्हणतात, त्यांची कथाही अशीच आहे. १९५० च्या दशकारंभी मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे आले आणि कालांतराने अनेक तलावांच्या काठांवर बेशरमीने राज्य मांडले. गाळ साचला, मासळी घटली. शेजारच्या गोंदिया-भंडारा भागात मनीष राजनकर यांच्या संस्थेने ढिवर समाजाच्या मच्छीमारांसह व स्त्रियांच्या गटांसह काही तलावांतून बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पावसाळ्यात पाण्याखाली वाढणाऱ्या व तरंगत्या पानांच्या देशी वनस्पती लावल्या. कोणत्या मासळीला कोणत्या वनस्पतीचा आसरा लागतो हे ज्ञान ढिवरांकडे होतेच. प्रथम त्या वनस्पतींची यादी झाली, मग लागवड. चंद्रपूर-गडचिरोलीतील मच्छीमार सहकारी संस्थांना हा पाठ जवळचाच आहे.

वही कोणाची

कायद्याने गावाच्या हाती दोन साधने दिली आहेत. जैविक विविधता अधिनियम २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली तेव्हा देशभर या नोंदवह्यांची धावपळ उडाली. मुदतीपुढे घाईने लिहिलेली वही आणि वर्षानुवर्षे जंगल पाहून लिहिलेली वही यांतील अंतर अनुभवी पंचायत सदस्यास उघडताक्षणी कळते. शिवाय नोंदवहीत वनस्पतींची नावे असतात. किती, कोठे आणि वाढत्या की घटत्या, हे चौकटींच्या मोजणीतूनच त्यात येऊ शकते. दुसरे साधन वनहक्क अधिनियम २००६. त्याअन्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांना तो लाभला. हक्काबरोबर त्या वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर आली.

मेंढ्याचे वैशिष्ट्य असे की, हक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे अभ्यासगट बसत. मोहन हिराबाई हिरालाल यांची वृक्षमित्र संस्था आणि गावचे देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने प्रश्न आधी अभ्यासावयाचा, मग सर्वसंमतीने निर्णय घ्यावयाचा, अशी शिस्त पडली. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी याच परिसरात लोकांबरोबर काम करून लोकांच्या निरीक्षणाला शास्त्राची जोड दिली. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावनेही आपल्या वनाचा काही भाग देवराईप्रमाणे राखून ठेवला आणि फांद्या छाटणे व आगी लावणे टळावे म्हणून तेंदूपानाचे उत्पन्न सोडून दिले. हाती येणारा पैसा सोडणे हा सोपा निर्णय नव्हे. अशा निर्णयाचे फळ काय मिळाले हे दहा वर्षांनी सांगण्यासाठी त्या राईच्या आतील आणि बाहेरील चौकटींचे आकडे गावापाशी असणे अगत्याचे आहे.

शिक्षकांचा सहभाग येथे मोलाचा ठरतो. टक्केवारी, सरासरी आणि क्षेत्रफळ हे गणिताच्या पुस्तकातील तिन्ही धडे एका चौकटीत शिकविता येतात. मात्र मुलांना वनात नेणे वनरक्षकाच्या सोबतीने, दिवसाउजेडी आणि गावालगतच्या चौकटींपुरतेच मर्यादित ठेवावे.

राहिला प्रश्न सातत्याचा. शासकीय सेवेत तीन वर्षांनी बदली होते आणि ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची असते. घाणेरीचे बी मातीत पडून राहते आणि संधी मिळताच उगवते. तिची वही त्याहून दीर्घायुषी हवी. चौकटीच्या कोपऱ्यावर लाकडी खुंटीऐवजी दगड पुरावा, कारण लाकूड वाळवी खाते आणि लोखंडी सळई कोणी ना कोणी घरी नेते. कक्ष क्रमांक, जवळच्या मोठ्या झाडापासूनचे अंतर आणि भ्रमणध्वनीवर मिळणारे अक्षांश-रेखांश पहिल्याच पानावर लिहावेत. वहीच्या तीन प्रती कराव्यात: एक ग्रामसभेच्या दप्तरात, एक शाळेत आणि एक वनपरिक्षेत्र कार्यालयात. कार्यभार सोपविताना चाव्या आणि शिक्के यांच्या यादीत या वहीचीही नोंद व्हावी, आणि नव्याने आलेल्या अधिकाऱ्याने पहिल्या आश्विनात जुन्या मोजणाऱ्यांपैकी किमान एकाला बरोबर घेऊन त्याच दगडांपाशी जावे.